सहाशेवर थांबायचं

पहिला नमुना सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तुटला. आवाज वाळकी काडी मोडावी तेवढाच झाला. "नऊ पॉइंट दोन," मशीनवरचा माणूस म्हणाला आणि मॅडमनी आकडा वहीत लिहून घेतला.

दाराजवळच्या स्टुलावर पॉलिशकाका बसले होते. तिथं त्यांचं काही काम नव्हतं. नमुने घासून द्यायचे एवढंच त्यांचं काम, आणि ते गेल्याच आठवड्यात संपलं होतं. पण आपल्या हातून गेलेल्या मालाचं पुढं काय होतं, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कारखान्यात चमचे घासले, ते कुणाच्या तोंडात गेले ते कळलं नाही. शस्त्रक्रियेच्या कात्र्या घासल्या, त्या कुणाच्या पोटात शिरल्या ते कळलं नाही. म्हणून मॅडम जेव्हा म्हणाल्या, "काका, या ना बघायला, तुमचीच मेहनत आहे," तेव्हा ते धुतलेला शर्ट घालून आले.

दातांच्या कॉलेजातली ती तळमजल्यावरची खोली. खिडकी उंचावर, भिंतीला पोपडे आलेले, आणि मधोमध माणसाच्या उंचीचं मशीन. दोन जाड खांब आणि त्यांच्यामधून अगदी सावकाश खाली येणारं एक पातं. त्याच्याखाली नमुना उभा धरायचा. नमुना म्हणजे प्लास्टिकच्या कड्यात बसवलेली एक चकती आणि चकतीच्या तोंडावर चिकटवलेलं मसुराएवढं बटण. चकती जुन्या फिलिंगची, बटण नव्या फिलिंगचं. पातं बटणाच्या मुळाशी टेकायचं आणि दाब वाढवत राहायचं. कुठल्या दाबाला जोड सुटला, तो आकडा पडद्यावर यायचा.

मॅडमचा प्रश्न साधा होता. दातातल्या जुन्या फिलिंगचा कोपरा तुटला, तर सगळं फिलिंग उकरून काढावं, की तुटल्या जागी नवं जोडावं? उकरलं की त्यासोबत थोडा चांगला दातही जातो. प्रत्येक वेळी थोडा थोडा. जोडलं तर दात वाचतो, पण जोड टिकला पाहिजे. तो टिकायला जुन्याचा पृष्ठभाग आधी कसा तयार करायचा, हे त्यांना शोधायचं होतं. चार गट, पंधरा-पंधरा नमुने. अ गट नुसता घासलेला. ब घासून वर ॲसिडची जेल लावलेला. क बारीक वाळूचा फवारा मारलेला. ड फवारा मारून वर आणखी एक औषध लावलेला. तोंडातलं फिलिंग ओलाव्यात जुनं होतं, म्हणून साठही चकत्या सहा महिने पाण्यात, अंगाच्या उबेएवढ्या गरम पेटीत ठेवलेल्या. दर आठवड्याला पाणी बदलायचं. ते मॅडम स्वतः करायच्या, सुट्टी असो की पोरगी आजारी असो.

प्रत्येक नमुना एकदाच तुटणार होता. मशीन दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला जायचं होतं, ते नऊ आठवड्यांनी परत येणार. आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता विभागाचे मोठे सर येऊन आकड्यांच्या तक्त्यावर सही करणार होते. ती सही झाली, की प्रबंध महिनाअखेरीच्या तारखेला जाणार. तारीख चुकली, की पुढची सहा महिन्यांनी. मॅडमनी दवाखान्यातली नोकरी सोडून हे काम धरलं होतं.

"सासूबाई विचारतात," सकाळी आल्या आल्या त्या म्हणाल्या होत्या, "आणखी किती दिवस ते खोटे दात फोडणार? म्हटलं, आजचा शेवटचा दिवस."

दुसरा नमुना आठ पॉइंट सातला सुटला. तिसरा दहाला.

मशीनवरच्या माणसाला सगळे फौजदार म्हणत. मिशी मोठी, बोलणं हुकमी, आणि पातं टेकायच्या आधी न चुकता "हात मागे" असं ओरडायची सवय. समोर कुणाचा हात नसला तरी. त्यानं तिसऱ्या नमुन्याचे दोन तुकडे भिंगाखाली धरले आणि भुवया वर केल्या.

"मॅडम, हे बघा. सोललेल्या केळ्यासारखं निघालंय. जुन्या चकतीवर कणभर काही उरलं नाही."

"अ गट आहे तो. त्याला काहीच लावलेलं नाही. कमीच येणार," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. उलट बरं वाटत होतं.

"कमी ठीक आहे हो. पण काका, तुम्ही लोणी लावून ठेवलं होतं का?"

फौजदार हसला. मॅडम हसल्या. काकाही हसले, कारण सगळे हसत होते.

"जुन्या भिंतीवर नवा गिलावा करायचा, तर आधी काय करतात?" फौजदार चौथा नमुना आवळता आवळता बोलत होता. "छिन्नीनं टाचे मारतात. माझा बाप गवंडी. तो म्हणायचा, गुळगुळीत भिंतीवरचा गिलावा आणि गोड बोलणारा जावई, दोन्ही घसरतात. मालाला धरायला जागा लागते. हात मागे."

काडी मोडली. "नऊ."

काकांचं हसू तिथंच थांबलं. धरायला जागा.

कारखान्यात त्यांना आरसा म्हणत. पॉलिश खात्यातला फोरमन घासलेली पट्टी खिडकीशी धरायचा आणि तिच्यासमोर वर्तमानपत्राचा तुकडा. पट्टीत अक्षर सरळ दिसलं तर पास. अक्षराची शेपटी वाकली तर "ही पट्टी आहे की रस्ता?" असं विचारून ती पायाशी फेकायचा. पहिल्या वर्षी चाळीसातल्या तीस पट्ट्या परत यायच्या. पाचव्या वर्षानंतर एकही आली नाही. घासायच्या कागदाला नंबर असतो. नंबर जेवढा मोठा, तेवढा त्याचा कण बारीक. दीडशे, तीनशेवीस, सहाशे, हजार, दोन हजार, आणि शेवटी नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा. सहाशे म्हणजे निम्मं काम. सहाशेवर थांबणाऱ्याला त्या खात्यात कामचुकार म्हणत. एकतीस वर्षं काकांचा हात एवढंच शिकला होता, की ओरखडा म्हणजे चूक, आणि चूक दिसली की पुढचा कागद घ्यायचा.

मग पॉलिश करणारी यंत्रं आली आणि खातं बंद झालं. शेजाऱ्याच्या ओळखीनं वर्षापूर्वी ते या कॉलेजात मदतनीस म्हणून लागले. कवळ्या घासायच्या, धातूच्या टोप्या चमकवायच्या. शिकाऊ डॉक्टर त्यांच्या हातची टोपी घेऊन दिव्याखाली फिरवत राहायचे. वर्षभर त्यांच्या हातून जे गेलं ते चमकूनच गेलं, आणि सगळ्यांना चमकच हवी होती.

मॅडमचं काम तेवढं वेगळं होतं. "सहाशे नंबर, पाण्याखाली, तीस हात. मग थांबा."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

का, हे काकांनी विचारलं नाही. कारखान्यात 'का' विचारायची सवय मोडून टाकली होती. ड, क, ब, तिन्ही गट त्यांनी सांगितल्याप्रमाणं घासून दिले. राहिला अ. त्याच्या चकत्यांचा डबा हातात देताना मॅडम सहज बोलून गेल्या होत्या, "याला मी काहीच लावणार नाही, काका. याच्यावर फक्त तुमचा हात."

ते वाक्य काकांच्या डोक्यात बसलं. बाकीच्या गटांवर ॲसिड पडणार, वाळू उडणार, तिथं कोण बघतंय. पण इथं फक्त त्यांचा हात. मग तो हात अर्धवट का दिसावा?

रविवारी कॉलेज बंद होतं. पहारेकऱ्याला सांगून ते आत गेले. सहाशेवर तीस हात झाले. मग त्यांनी स्वतःच्या पत्र्याच्या डब्यातून दोन हजारचा कागद काढला, आणि त्यावर नमदा. एका चकतीला वीस मिनिटं, पंधरा चकत्यांना पाच तास. कंबर धरली, डाव्या अंगठ्याची चामडी गेली. प्रत्येक चकती खिडकीशी धरून पाहिली. खिडकीचे गज त्यांत सरळ दिसत होते. पुन्हा पाण्याच्या डब्यात ठेवल्या आणि कुणाला काही न बोलता घरी आले. फुकट केलेल्या कामाचं कौतुक सांगायचं नसतं.

मॅडमना ती चमक दिसली नाही. नवं फिलिंग पांढऱ्या उजेडात आपोआप घट्ट व्हायला लागतं. म्हणून मॅडम ती बटणं पडदे ओढलेल्या खोलीत, पिवळ्या मंद दिव्याखाली बसवायच्या आणि मग निळ्या दिव्यानं पक्की करायच्या. ओली चकती काढली, कोरडी केली, चिकटवायचा बाँड लावला, बटण बसवलं. त्या उजेडात सगळ्या चकत्या सारख्याच.

"हात मागे."

सहावा, सातवा, आठवा. काका आता आकडे ऐकत नव्हते. भिंगाखालून बाजूला ठेवलेल्या तुकड्यांकडे बघत होते. भोवती सुकलेल्या बाँडचा मळका थर, आणि सुटलेल्या बटणाखाली, चकतीच्या मधोमध, एक गोल डाग होता. उंच खिडकीतला उजेड त्यात स्वच्छ उतरला होता.

अकरा वाजायला पाच मिनिटं असताना पंधरावा तुटला. सरासरी नऊच्या आसपास.

ब गटाचा पहिला नमुना सोळाला गेला, दुसरा अठराला. तुटताना जुन्या चकतीचा लचका घेऊन निघाला. फौजदारानं शीळ घातली. "हा बघा जोड. मोडला, पण सोडलं नाही."

मॅडमनी दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि खाली रेघ मारली. "दुप्पट. नुसत्या ॲसिडनं दुप्पट. काका, एवढा फरक आतापर्यंत कुणालाच मिळालेला नाही. सर ही गोष्ट परिषदेत मांडतील बघा."

आपल्यामुळं काहीतरी बिघडलं, एवढंच काकांना आतापर्यंत वाटत होतं. आता कळलं, की बिघडलेलं कुणाला दिसणारच नव्हतं. उलट ते सुरेख दिसत होतं. ॲसिडनं काही केलं असेल नसेल, देव जाणे. आकडा दुप्पट झाला तो दोन हजारच्या कागदामुळं. आणि उद्या कुठल्याशा गावातला, ॲसिडची जेल हाताशी नसलेला डॉक्टर हे वाचून म्हणेल, नुसतं घासून जोड धरत नाही, उकरा सगळं.

जेवायच्या सुट्टीत मॅडमनी त्यांना आपल्या डब्यातलं अर्धं वाढलं. "खा हो. तुमचा हात नसता तर चार गट एकसारखे झालेच नसते."

काकांनी ताट बाजूला सरकवलं. ते फोन येतोय असं सांगून जिन्याखाली गेले आणि बायकोला लावला.

"डबा खाल्लात?" तिनं विचारलं.

"हो."

"खोटं. काय झालं ते बोला."

त्यांनी सांगितलं. थोडक्यात, एकाला एक जोडून. पलीकडं भांडी लावल्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

"रविवारी पाच तास घालवलेत ते हे?"

"हो."

"आणि मला सांगितलंत, यादी करायची होती म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?"

"कुणी नाही."

"त्या पोरीचं काय होईल, सांगितलंत तर?"

"तारीख जाईल. सहा महिने."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"काही नाही. कुणाला कळणारच नाही."

"तुम्हाला कळेल ना. मग घरात तोंड पाडून बसाल आणि मी विचारत बसेन, पित्त झालं का म्हणून." पलीकडं पुन्हा एक भांडं आपटलं. "मला विचारताय म्हणजे ठरवलेलंच आहे तुम्ही. नुसतं माझ्या नावावर टाकायचंय. टाका. पण आधी जेवा, उपाशी पोटी माणूस नीट बोलत नाही."

ते जेवले नाहीत. परत येऊन स्टुलावर बसले. क गट तेवीस, चोवीसला गेला. ड सव्वीसला. चढत्या पायऱ्या. नऊ, सतरा, तेवीस, सव्वीस. मॅडमनी त्याचं चित्र कागदावर काढलं, चार खांब, एकापेक्षा एक उंच. तीन वाजता पोरीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज आई लवकर येणार. हो, नक्की."

दर वेळी काका तोंड उघडायचे, आणि दर वेळी फौजदार ओरडायचा, "हात मागे."

शेवटचा नमुना चार वाजता तुटला. फौजदार मशीन पुसायला लागला. मॅडम तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले. मग पावणेपाच. कारखान्यात अशा वेळी भोंगा व्हायचा आणि माणसाला निघायला निमित्त मिळायचं. इथं भोंगा नव्हता.

काका उठून टेबलाशी गेले. "मॅडम, अ गट बाद आहे."

त्या लिहितच होत्या. "म्हणजे?"

"मी सहाशेवर थांबलो नाही."

पेन थांबलं. "कुठं थांबलात?"

"दोन हजारवर. मग नमदा."

"किती नमुने?"

"पंधराही."

"बाकीचे गट?"

"ते तुम्ही सांगितलंत तसे. सहाशे, तीस हात. त्यांत फरक नाही."

मॅडमनी अ गटाची पेटी पुढं ओढली, एक तुटकी चकती उचलली आणि खिडकीकडं धरली. बराच वेळ धरली. फौजदाराचं फडकं हातात तसंच राहिलं.

"का पण, काका?"

त्यांनी दिवसभर याचं उत्तर जुळवलं होतं. फोरमन, कारखाना, तुम्हीच म्हणालात फक्त तुमचा हात. त्यातलं काहीच त्यांनी सांगितलं नाही. "चांगलं दिसावं म्हणून," ते म्हणाले.

"चांगलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चकती खाली ठेवली. आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "मी सहा महिने पाणी बदललंय. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"बाहेर बसा."

काका व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्यांच्यामागं फौजदारही बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. तो त्यांच्याशेजारी टेकला. त्याला गप्प बसणं जमत नसे.

"झाकली मूठ होती हो," तो हळू म्हणाला. "पाच मिनिटं गप्प राहिला असतात तर पार झालं असतं."

"तुला भिंगात दिसलं होतं."

"मला काय, मी आकडे वाचणारा माणूस." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "दिसलं होतं. वाटलं, मॅडमना ठाऊक असेल."

पाचला मोठे सर आले, खिशाला लावलेलं पेन, हातात किल्ल्या. दोघं उठून उभे राहिले. सर आत गेले. दारातून शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती. आधी सरांचं हसणं. मग मॅडमचं सलग बोलणं. मग सरांचा एकच प्रश्न, दोनदा विचारलेला. वीस मिनिटांनी सर बाहेर आले. ते काकांसमोर थांबले.

"तुम्हीच का ते?"

"हो, सर."

"नमुना घासायला सांगितला की घासायचा. सजवायचा नाही."

"हो, सर."

ते निघून गेले. पेन खिशालाच होतं. मॅडम दारात आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण तोंड धुतलेलं होतं.

"सही घेतली नाही," त्या म्हणाल्या. काकांना सांगितलं की फौजदाराला, ते कळलं नाही. "चकत्या जाड आहेत. सहा महिन्यांचं पाणी त्यांच्यात मुरलेलं आहे, ते वाया जात नाही. वरचा अर्धा मिलिमीटर उतरवायचा, बाँड, चमक, सगळं. खालच्या अंगावर परत करायचं. सगळं लपवाछपवी न करता प्रबंधात लिहायचं. मशीन आल्यावर परत तोडायचे. तारीख गेली." मग त्या काकांकडं वळल्या. "उद्या नऊ वाजता. मी समोर बसणार आहे."

त्या संध्याकाळी मॅडम लवकर घरी गेल्या नाहीत. दिव्याखाली बसून तुटलेल्या चकत्यांना एकेक करून नवे नंबर देत होत्या.

सकाळी नऊला काका मोरीशी उभे राहिले. मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. आधी दीडशेच्या कागदानं जुना थर उतरला, मापून. मग सहाशे. काचेवर ओला कागद, वर नळाची बारीक धार. चकती दोन बोटांत धरून सरळ हात.

"एक," मॅडम मोजायला लागल्या.

तीसला त्या थांबल्या. काकांचा हात थांबला नाही. एकतिसावा निम्मा गेला होता तेव्हा त्यांनी तो उचलला, जड ओझं उचलावं तसा. चकतीवर बारीक रेघा होत्या, सगळ्या एका दिशेनं, करड्या आणि आंधळ्या. त्यांना ती कुणाला दाखवायची लाज वाटली असती.

"बाद," मॅडम म्हणाल्या. "परत दीडशे."

त्यांनी परत केली. दुसऱ्या चकतीला हात अठ्ठाविसापासूनच आवरता घेतला. पाचवीपर्यंत मनगट दुखायला लागलं. पाच तास नमदा ओढून दुखलं नव्हतं, ते थांबून थांबून दुखलं. दर दोन चकत्यांनंतर काका कागद बदलत होते. झिजलेला सहाशे हजारासारखा वागतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला कळत होतं. मॅडम तोवर पुढची चकती मापत होत्या.

पुढचे नऊ आठवडे त्या कामापुरतंच बोलल्या. डबा वेगळा खाल्ला. काकांनी त्याबद्दल कुणाकडं तक्रार केली नाही. घरी बायकोनं दोनदा विचारलं, "बोलते का?" दोनदा ते म्हणाले, "काम चाललंय." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मशीन परत आलं. त्या दिवशी काकांना कुणी बोलावलं नाही. ते आपल्या मोरीशी कवळ्या घासत बसले. अकराच्या सुमारास फौजदार तिकडं आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"सोळा पॉइंट आठ," तो म्हणाला. "सरासरी. पंधराचे पंधरा लचका घेऊन तुटले."

"आणि ॲसिडवाले सतरा होते."

"तेच तर. ॲसिडनं काही केलंच नाही म्हणायचं. दुप्पट कसलं, बोटभर फरक नाही. मॅडमचा सगळ्यात उंच उडालेला फुगा फुटला."

"मग बसल्यात का रडत?"

"छे. वाळूचा फरक आहे तसा आहे म्हणतात, तेवढं पुरे. पण परिषद वगैरे गेली. सर म्हणाले, बरं काम आहे. आधी म्हणाले होते, जबरदस्त काम आहे." फौजदार जायला वळला. "बरं आणि जबरदस्त यांच्यात तुमचा दोन हजारचा कागद बसला, काका."

काकांनी कवळी पाण्यात बुडवली. ती थोडा वेळ पाण्यातच धरून ठेवली.

आठवड्यानं मॅडम स्वतः आल्या. हातात छापलेली पानं होती, कडेला पेन्सिलच्या खुणा. त्यांनी स्टूल ओढलं, मोरीचा कठडा फडक्यानं कोरडा केला आणि पानं त्यावर ठेवली.

"नमुने कसे तयार केले ते लिहिलंय. इंग्रजीत आहे, मी सांगते. चुकत असेल तर आत्ताच बोला. सही झाल्यावर नको."

"वाचा."

"साठही नमुने एकाच कामगारानं हातानं घासले. अ गट पहिल्या वेळी ठरल्यापेक्षा जास्त गुळगुळीत झाल्यानं बाद केला, ते आकडे शेवटी वेगळे दिले आहेत. वरचा थर उतरवून पुन्हा घासला." त्या वाचत होत्या, वर न बघता. "सहाशे नंबरचा कागद, वाहतं पाणी, प्रत्येकी तीस हात, एकाच दिशेनं. दर तीन नमुन्यांनंतर कागद बदलला."

"दोन," काका म्हणाले.

"काय दोन?"

"दर दोन नमुन्यांनंतर. तिसऱ्याला कागद बोथट होतो."

मॅडमनी पेन्सिल काढली. "ब, क, ड लाही?"

काकांनी आठवून पाहिलं. घाईनं हो म्हणायचं नव्हतं. "ब आणि क ला दोन. ड च्या शेवटच्या तीन एका कागदावर केल्या. कागद संपले होते."

"तीनच?"

"तीनच. तेरा, चौदा, पंधरा."

त्यांनी तेही लिहिलं, ओळीच्या वर, बारीक अक्षरात. मग पान उलटलं आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

"पुढं ऐका," त्या म्हणाल्या. "इथं पाण्याची धार किती, ते राहिलंय."